पटलावरचा कांदा

१६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो बुऱ्हाणपुरात मुघल शहजादा परवेझसमोर व्यापाराची परवानगी मागायला उभा राहिला. खुर्ची मिळाली नाही. खांबाला टेकायची मुभा तेवढी मिळाली. आता लोकशाही आहे. ७ डिसेंबर २०२३ ला संसदेचे अधिवेशन चालू असताना कांद्याची निर्यात बंद करण्याचा आदेश निघाला. सभागृहाला विचारून नव्हे, एका अधिसूचनेने. १९९२ च्या विदेश व्यापार कायद्यानुसार असा आदेश ३० दिवस संसदेच्या पटलावर ठेवावा लागतो. दिवस कमी पडले तर पुढच्या अधिवेशनात मोजायचे. खरिपाचा कांदा इतका नियमाला धरून नासत नाही. उद्या बुऱ्हाणपूरच्या केळीवर पाळी आली, तर घड पिकेल, काळा पडेल, उकिरड्यावर जाईल. संसदीय देखरेख मात्र कायदेशीर मुदतीत पूर्ण होईल.