दिवस भरत आले!

पुण्या-ठाण्याच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर सध्या दोनच जाती उरल्या आहेत: ब्लडप्रेशरवाले आणि ग्रीन कार्डवाले. पहिल्यांना रोज एक गोळी लागते, दुसऱ्यांना दर सहा महिन्यांनी एक विमान.

कार्ड मिळण्याची रीत सोपी. मुलगा वा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली आणि वयाची २१ वर्षे पुरी असली, की आई-वडिलांसाठी अर्ज करता येतो. त्याला वार्षिक कोटा नाही. आई-वडिलांना तिकडे करमेल का, हा रकाना मात्र अर्जात नाही. कार्ड हातात पडल्यावर उलगडा होतो, की हे कायम वास्तव्याचे कार्ड आहे आणि ते वास्तव्य अमेरिकेत करायचे आहे!

यावर कट्ट्याने तोडगा काढला आहे. ‘‘सहा महिन्यांतून एकदा पाय लावून यायचं, बस्स!’’ हा कायदा वॉशिंग्टनमध्ये नव्हे, निवृत्त बँक मॅनेजरांच्या बैठकीत मंजूर झालेला आहे. खऱ्या कायद्यानुसार १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलात, तर परतताना तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारा धरता येते. वर्ष उलटले तर नुसत्या कार्डावर भागत नाही, आधीच काढलेले रीएन्ट्री परमिट लागते. ते फार तर २ वर्षांचे असते आणि त्याचा अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असावे लागते. थोडक्यात, अमेरिकेबाहेर राहण्याची सोय करायला आधी अमेरिकेत जायचे.

बरे, दिवस काटेकोर मोजले म्हणून सुटका नाही. विमानतळावरचा इमिग्रेशनचा साहेब इरादा बघतो. घर कुठे, बँक खाते कुठे, टॅक्स कुठे भरता? आमच्या शेजारच्या काकांनी उत्तरे पाठ केली होती. काउंटरवर प्रश्न नेमका काकूंना आला. ‘‘घर ना? कोथरूडला. दोन बेडरूम, दक्षिणेला बाल्कनी. इथे नातवाच्या मुंजीसाठी आलोय.’’ काकांनी कोपराने ढोसले, पण काकू रंगात आल्या होत्या. हातातल्या फोल्डरमध्ये परतीचे तिकीट, पर्समध्ये मोजून तीन आठवड्यांच्या गोळ्या. कायमचे राहायला आलेल्या माणसाचा याहून स्वच्छ पुरावा कोणता?

गोळ्यांनाही कारण आहे. ज्यांनी अमेरिकेत नोकरी केलेली नाही, अशा ६५ वर्षांवरच्या कार्डधारकांना मेडिकेअर विकत घ्यायलाही तिथे सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते. तोवर खासगी विमा काढा, नाहीतर गुडघा पुण्यातच बदला.

इकडे आपले सरकारही मागे नाही. पेन्शन हवी तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. तिकडे ‘आम्ही इथेच राहतो’ हे पटवायचे, इकडे ‘आम्ही अजून आहोत’ हे. त्यात भारतात १८२ दिवस भरले की आयकर खाते तुम्हाला निवासी ठरवते. अमेरिकेबाहेर १८० दिवस, भारतात १८२. हे गणित जमवता जमवता काकांचे वर्षच संपते.

करांची मजा वेगळीच. कार्डधारकाने जगभरातले उत्पन्न अमेरिकेला दाखवायचे. परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर तेही कळवायचे. काकूंनी काकांपासून जन्मभर लपवलेले सहकारी बँकेतले खाते आता अमेरिकेच्या अर्थखात्याला ठाऊक आहे!

ज्यांना मुलांजवळ राहायचे आहे, त्यांनी खुशाल राहावे; कार्ड त्यांच्यासाठीच आहे. ज्यांना नुसते नातवंडांचे लाड करायचे आहेत, त्यांच्यासाठी व्हिजिटर व्हिसा आहे. तो मिळाला तर सहसा १० वर्षांचा असतो आणि एका खेपेला साधारण सहा महिने राहू देतात. कार्ड परत करायला आय-४०७ हा अर्ज आहे, त्याला फी नाही. फक्त विमानतळावर घाबरून त्यावर सही करू नका. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा तुम्हाला हक्क आहे. सही करायचीच असेल, तर घरी बसून, दोघांनी बोलून करा.