व्हँकूवरसर

मेडिकल कॉलेज म्हटलं की तिथे एक व्हँकूवरसर असायचेच. बहुधा पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, नाहीतर फार्माकॉलॉजीत, कारण तिथे रात्री तीनला कुणी इमर्जन्सीला उठवत नाही आणि माणसाला कॉमाकडे निवांत बघता येतं. हुद्दा असोसिएट प्रोफेसर, वय पन्नाशीच्या अलीकडेपलीकडे, खिशात लाल पेन. कॅनडाला ते कधी गेलेले नसतात. पण तिथल्या व्हँकूवर शहराचं नाव त्यांच्या तोंडी ज्या जिव्हाळ्याने येतं, तेवढ्या जिव्हाळ्याने सासुरवाडीचंही येत नाही.

१९७८ च्या जानेवारीत त्या शहरात काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि आपल्याकडे येणारे लेख एकसारखे कसे मांडलेले असावेत, हे त्यांनी ठरवलं. पुढच्या वर्षी ते नियम छापून आले. संदर्भ लिहिण्याची तेव्हाची पद्धत जगभर ‘व्हँकूवर स्टाइल’ म्हणून रुजली. हा इतिहास सर प्रत्येक पीजीला, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला, ऐकवतात, आणि पीजी तो ऐकतो. न ऐकून सांगतो कुणाला? थीसिस जमा करायची तारीख उंबऱ्यावर आलेली असते, बाइंडिंगवाल्याचे फोन सुरू असतात, आणि गाइडने शंभर पानं चाळून एवढंच सांगितलेलं असतं, “रेफरन्सेस तेवढे सरांना दाखवून घे.”

सर लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतात.

“हे वाच.”

“वाचलं, सर.”

“काय दिसतं?”

“बरोबर वाटतंय, सर.”

“वर्षाच्या पुढे काय आहे?”

“सेमीकोलन.”

“त्याच्या पुढे?”

“व्हॉल्यूम नंबर.”

“आणि मधे?”

पीजी स्क्रीनला नाक लावतो. “स्पेस आहे, सर.”

“कुणाला विचारून?”

नियम तसे फार नाहीत. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि आद्याक्षरांपुढे टिंब नाही. आडनाव आधी लिहिण्याची सवय दहावीच्या मार्कशीटपासून आपल्या हाडीमांसी आहे, तेव्हा तिथे मराठी पोरं अडत नाहीत. ती अडतात टिंबाशी. पानं १२३ ते १२८ असतील तर १२३-८ एवढंच लिहायचं. जर्नलचं नाव आखडून लिहायचं, पण मनाला येईल तसं नाही. अमेरिकेतल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या यादीत असेल तसंच. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’चं ‘एन एंग्ल जे मेड’ होतं. ‘लॅन्सेट’ एकाच शब्दाचं म्हणून अख्खं राहतं. मात्र त्याच्या आधी कुणी ‘द’ लावला की सरांना ठसका लागतो. लेखक पहिले सहा द्यायचे आणि पुढे ‘एट अल’. सातवा लेखक म्हणजे लग्नपत्रिकेतला ‘समस्त आप्तेष्ट’: राबलेला असतो, पण नाव नाही.

संदर्भांना नंबर द्यायचे ते मजकुरात ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने. त्यामुळे एचओडींनी आयत्या वेळी “अरे, माझा तो पेपर घाल ना इंट्रोडक्शनमधे” असं म्हटलं, की तिसऱ्या नंबरापासून सगळ्यांची बदली होते. यावर झोटेरो, मेंडेली, एंडनोट अशी सॉफ्टवेअर्स आहेत. सरांना ती येतात, पण त्यांचा त्यांवर काडीचा विश्वास नाही. “सॉफ्टवेअरला काय, कुणी नाव कॅपिटलमधे टाकलं की ते जन्मभर कॅपिटलमधे ओरडणार,” असं म्हणून ते एकेक ओळ हाताने तपासतात. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टखाली संदर्भ म्हणून नुसतंच ‘गूगल’ लिहिलेलं दिसलं, त्या रात्री ते जेवले नाहीत, असं त्यांच्या मॅडम सांगतात.

हल्ली त्यांना नवीन शिकार मिळाली आहे. पीजी चॅटबॉटकडून संदर्भ मागून घेतात. ते इतके टापटीप येतात की टिंब हलत नाही, स्पेस चुकत नाही. सरांना संशय येतो तो तिथेच. “तुझ्या हातून एवढं बरोबर?” मग ते पबमेड उघडतात. जर्नल खरं, वर्ष खरं, पानही खरं; पण त्या पानावर दुसऱ्याच कुणाचा दुसराच लेख असतो.

सगळं कॉलेज त्यांना मागे हसतं. माणसं मरणाच्या दारात आणि हा गृहस्थ सेमीकोलन मोजतोय! ही कुजबुज सरांच्या कानावर आहे. तिला त्यांचं एक ठरलेलं उत्तर आहे, आणि ते ऐकताना मात्र कुणी हसत नाही.

१९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधे पोर्टर आणि जिक या दोघांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. इस्पितळात दाखल असताना अफूच्या जातीची औषधं मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी व्यसन लागल्याची नोंद फक्त चौघांची, एवढंच त्यात होतं. पुढे हेच पत्र ‘ही औषधं घरी महिनोन्‌महिने घेतली तरी व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून दिलं जाऊ लागलं. २०१७ साली त्याच जर्नलमधे काही संशोधकांनी मोजदाद केली: त्या पत्राचे ६०८ संदर्भ सापडले, आणि ते रुग्ण इस्पितळातले होते हे त्यांतल्या ४९१ ठिकाणी सांगितलेलंच नव्हतं. दरम्यान अमेरिकेत या गोळ्यांनी माणसं मरत होती.

“आता बघ,” सर पेन उचलतात, “पत्राचा संदर्भ देताना शीर्षकानंतर चौकोनी कंसात ‘लेटर’ असं लिहायचं असतं. नियम आहे. तो कंस दिसला असता तर एखाद्याने विचारलं असतं, अहो, एवढा मोठा दावा आणि पुरावा काय, तर पत्र?”

“पण सर, एका कंसाने ते सगळं थांबलं असतं?”

“छे! कंसाने काय थांबतंय? पण कंस टाकायचा की नाही हे बघायला मूळ पान उघडावं लागतं रे. दुसऱ्याच्या यादीतून ओळ उचलून आणली की ते पान तसंच मिटलेलं राहतं.”

पीजी गप्प होतो. त्याच्या शंभरातले किती संदर्भ त्याने उघडून वाचलेत, हे सर विचारत नाहीत. विचारलं तर थीसिस त्या वर्षी जमा होणार नाही, एवढी दुनियादारी त्यांनाही कळते.

पुढे त्याच थीसिसमधून पेपर निघतो. प्रमोशनला पेपर लागतात, त्यामुळे लेखकांच्या यादीत एचओडी येतात, गाइड येतात, गाइडचे मित्र येतात. शरमेपोटी पीजी सरांचंही नाव घालायला निघतो, तर सर स्वतःच ते खोडतात. व्हँकूवरच्या त्या संपादकांचीच पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली. तिने लेखक कुणाला म्हणावं याच्या चार अटी घातल्या आहेत आणि चारही पाळाव्या लागतात. कॉमा दुरुस्त करणं हे त्यातल्या एकीतही बसत नाही. बाकीच्या नावांपैकी किती बसतात, हा विषय सर काढत नाहीत.

म्हणून त्यांचं नाव आभारात जातं. छापून येतं तेव्हा स्पेलिंग चुकलेलं असतं. पीजी पांढराफटक पडून केबिनमधे धावतो. “सर, आता इरेटम काढावं लागेल!”

सरांचा चेहरा खुलतो. “बस. त्याचाही एक फॉरमॅट असतो.”