डायोडवाले काका

लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या जिन्याखाली हे काका सापडतात. मेलेली हार्ड डिस्क घेऊन येणारा माणूस अर्धा रडवेला असतो. आत लग्नाचे फोटो असतात, नाहीतर पीएचडीचा प्रबंध. तो आपलं दुःख सांगत असताना काकांची नजर मात्र डिस्कच्या पोटाखालच्या हिरव्या बोर्डावर खिळलेली असते.

"काय झालं?"

"काही नाही, आपोआप बंद पडली."

"आपोआप," असं पुटपुटत काका मल्टीमीटर लावतात. एक टोक ग्राउंडला, दुसरं 12 व्होल्टच्या लाइनवरच्या काळ्या डायोडला. बीऽऽप.

"चार्जर कुठला लावला होता?"

"डिस्कचाच."

पुन्हा बीऽऽप. काका बोलत नाहीत, मीटरच बोलतो.

"लॅपटॉपच्या चार्जरची पिनसुद्धा बसते हो यात कधीकधी. तो 19 व्होल्टचा असतो."

"…भाच्याने लावला असेल."

काकांच्या अनुभवानुसार भारतातले सगळे चुकीचे चार्जर भाचेच लावतात.

मग काका त्या डायोडबद्दल बोलू लागतात, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच ओला होतो. जास्तीचा दाब आला की हा टीव्हीएस डायोड तो स्वतःवर घेतो, शॉर्ट होऊन मरतो आणि पुढच्या चिपा वाचवतो. "तो गेला म्हणून तुमचे फोटो राहिले!" गिऱ्हाइकाला क्षणभर दोन मिनिटं उभं राहावंसं वाटतं. काका हुतात्म्याला उपटून काढतात, वीज देतात, आणि डिस्क गरगरायला लागते. "आता हिला कवच नाही. आधी कॉपी करा."

नुसते कनेक्टरचे ठिपके काळे पडले असतील तर काका शाळकरी खोडरबर काढून घासतात. गिऱ्हाइकाला हे बघवत नाही.

काकांना खरा राग येतो तो व्हिडिओ बघून आलेल्यांचा. त्यांनी त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून बसवलेला असतो, तरी डिस्क ओळख देत नाही. "बोर्ड आणलात, पत्रिका कुठाय हिची?" पत्रिका म्हणजे आठ पायांची रॉम चिप. त्या एकाच डिस्कच्या हेडची जुळवाजुळव तिच्यात लिहिलेली असते. जुन्या बोर्डावरून ती काढून नव्यावर लावल्याशिवाय संसार होत नाही. काही बोर्डांवर ती वेगळी नसतेच, मोठ्या चिपच्या पोटात असते. अशा वेळी काका चष्मा पुसतात आणि दर वाढवतात.

डिस्क टक-टक करत असेल तर मात्र ती कानाला लावून लगेच परत देतात. "हेड गेलंय. क्लीन रूमवाल्याकडे जा. आणि उघडू नका! आत धुळीच्या कणालाही जागा नसते." मग डिस्क हुंगून विचारतात, "फ्रीजरमध्ये ठेवली होती? मटारांशेजारी?"

डेटा निघाला की गिऱ्हाईक स्क्रीनवर बोट ठेवून सद्गदित होतं, "ही आमची आई!" काका चित्र तळापर्यंत सरकवतात. "खालचा भाग राखाडी नाही. फाइल शाबूत."

ओले डोळे बिल बघून कोरडे होतात.

"एक डायोड काढायचे एवढे पैसे?"

"नसतील द्यायचे तर राहू दे," काका चिमटा उचलतात. "परत बसवून देतो. बसवायचे पैसे घेत नाही मी."