ऑर्किडवाले सर

सोयाबीन-तुरीच्या मुलखात ऑर्किड पाळायला दोन गोष्टी लागतात: पेन्शन आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. हा मुलगा दिवाळीला येताना मिठाईऐवजी एक कुंडी आणतो. वर गुलाबी फुलांचा झुपका, खाली जाड चार पानं, भोवती रिबीन. मुलगा चार दिवसांत परत जातो, फुलं मात्र अडीच महिने टिकतात. सर झाडात गुंततात ते तिथूनच.

असे सर वाशीमला आहेत, कारंज्याला आहेत, रिसोडलाही असतील. काही ठिकाणी ते बँकेतून निवृत्त झालेले असतात, पण गाव त्यांना सरच म्हणतं. ओळखायची खूण सोपी. तुम्ही कुंडीकडे नुसतं पाहिलं की ते नावाआधी किंमत सांगतात. "साडेआठशे." मग नाव. "फॅलेनॉप्सिस." ज्यांना आयुष्यभर शेजाऱ्याचं आडनाव धड लक्षात राहिलं नाही, ते हा शब्द न अडखळता उच्चारतात.

सरांचं पहिलं ऑर्किड अर्थातच मेलं. फुलं गळाल्यावर सरांनी त्याची दया येऊन कुंडी बदलली आणि शेतातली काळी कसदार माती, वर मुरलेलं शेणखत घातलं. या मातीत कापूस पिकतो, तूर पिकते, मग हे का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. पण हे झाड मूळचं फांदीवर राहणारं. त्याची मुळं हवेत लोंबतात, पाऊस आला की पितात आणि लगेच वाळतात. काळ्या मातीत त्यांचा श्वास कोंडला आणि तीन आठवड्यांत ती कुजली. वाशीममध्ये लोकांना कोरड्या दुष्काळाची धास्ती, सरांच्या घरात ओला दुष्काळ पडला.

दुसऱ्या झाडापासून सर शास्त्रशुद्ध झाले. इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा, शेजारच्या बांधकामावरून विटांचे तुकडे, बालाजी मंदिराबाहेरच्या नारळवाल्याकडून सोडणं. ही सोडणं दोन दिवस बादलीत भिजायची, त्यामुळे बाईंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे, कपडे दोन दिवस तसेच. शेजारचे भाऊ कुंडीत डोकावून म्हणाले, "मातीच नाई तं हे खाते काय, सर?" सरांनी मग मुळांवरच्या पांढऱ्या स्पंजासारख्या आवरणावर अर्धा तास सांगितलं. मूळ चंदेरी दिसलं तर तहान लागली, हिरवं दिसलं तर पोट भरलं. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, ती त्यासाठीच. भाऊ गेले आणि बाहेर जाऊन हळूच म्हणाले, "बह्याड झाला मानूस."

खताचा प्रसंग तर सांगायलाच हवा. सर कृषी केंद्रात गेले. खरिपाची गर्दी, पोत्यांच्या थप्प्या, बियाण्यावरून वादावादी. सरांनी १९:१९:१९ मागितलं.

"किती एकराले?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"एक कुंडी."

"किती बंड्या?"

"बंडी नाही हो, कुंडी. एकच."

सगळी गर्दी गप्प झाली. एका शेतकऱ्याने तर सरांना बसायला स्टूल दिलं. शेवटी एक किलोचं पाकीट घ्यावं लागलं. घरी येऊन सरांनी हिशेब मांडला: लिटरला एक ग्रॅम, आठवड्याला एक लिटर, म्हणजे पाकीट एकोणीस वर्षं पुरणार. आकड्यांचा हा योग पाहून सर इतके खूश झाले की ते पाकीट कोणालाही चिमूटभर देत नाहीत. वारसांमध्ये त्याची वाटणी कशी करायची, एवढंच काय ते ठरायचं आहे.

बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी मुळांवर पांढरा थर बसतो. म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस आला की सर पन्हाळीखाली कॅन लावून उभे. हे पाणी ऑर्किडचं. जावई आले तरी त्यांना बोअरचंच.

खरी परीक्षा एप्रिल-मेची. फॅलेनॉप्सिस ही फिलिपिन्स-इंडोनेशियाकडच्या दमट जंगलातली लेक. तिला हवेत निम्म्याहून जास्त ओलावा हवा आणि पारा तिशीच्या फार पुढे गेलेला खपत नाही. वाशीमला मे महिन्यात तो बेचाळीस-त्रेचाळीसला सहज जातो आणि दुपारची हवा अशी कोरडी की पापड पसरेपर्यंत वाळतो. मग घरातला एकुलता एक कूलर, त्याच्या ओल्या ताट्यांचा वारा, त्या वाऱ्यात थोड्या अंतरावर ऑर्किडचं टेबल, टेबलाच्या आडोशाला सर आणि उरलाच वारा तर बाईंना. लाइट गेली की सर आधी हातपंख्याने पानांना वारा घालतात. "अहो, पुढच्या जन्मी मी कुंडीतच येईन म्हणते," बाई म्हणतात. सर यावर विचार करतात आणि आकार विचारतात.

हिवाळ्यात मात्र वाशीम सरांच्या बाजूने. रात्री गार झाल्या, काही आठवडे पारा जरा खाली राहिला, की या जातीला फुलाचा दांडा फुटतो. पण कोवळा दांडा आणि कोवळं मूळ सुरुवातीला सारखंच दिसतं. सरांनी एका डिसेंबरात घाईने निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर केलं, "दांडा आला." अभिनंदनांचा पाऊस पडला, कोणी हार पाठवले, एकाने चुकून श्रद्धांजलीही वाहिली. दहा दिवसांनी ते मूळ निघालं. सरांनी गटाला कळवलं नाही. गट अजून फुलाची वाट पाहतोय.

पुढच्या वर्षी खरंच फुललं, तेही नेमकं हळदीकुंकवाच्या दिवसांत. आलेल्या प्रत्येकीने पाकळी चिमटीत धरून एकच विचारलं, "खरं हाय का प्लास्टिकचं?" एका काकूंनी त्यांच्याकडच्या कापडी ऑर्किडचा फोटो दाखवला. दीडशे रुपयांत, बारमाही, पाणी नको. बाईंचं दुखणं निराळंच. हे फूल देवाला वाहायचं नाही, वेणीत माळायचं नाही, तोडायचंही नाही. "मंग जास्वंदानं काय घोडं मारलं होतं?"

त्याच उन्हाळ्यात सर मानोऱ्याकडे एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतात गेले. धुऱ्यावर आंब्याचं जुनं झाड. फांदीवर जाड पट्ट्यासारखी पानं आणि पिवळसर, तपकिरी चौकड्यांची फुलं, मधली पाकळी निळसर-जांभळी. हेही ऑर्किडच, वांदा टेसेलाटा. विदर्भाच्या पानझडी रानात ते असंच उगवतं. उन्हाने जमीन तडकलेली आणि हे फुललेलं.

"ते? बांडगूळ हाय सर. छाटूनच टाकतो."

"अरे थांब! बांडगूळ रस चोरतं. हे नुसतं बसतं. अन्न स्वतःचं स्वतः करतं. भाडेकरू समज."

"भाडं देते काय?"

सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी विचारलं, "याला पाणी कधी देतोस?"

"पानी? आंब्यालेच देत नाई, तं याले कुठून?"

कूलर नाही, कोळसा नाही, १९:१९:१९ नाही. सर बराच वेळ खाली उभे राहिले, चेहरा जरा पडलेला. कुठून तरी कोणी तरी फसवल्यासारखा. मग त्यांनी विद्यार्थ्याकडून न छाटण्याचं वचन घेतलं, फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. मुलाचं लगेच उत्तर आलं, "वा बाबा! कितीला?"

सरांनी क्षणभर विचार केला आणि लिहिलं, "बाराशे."