आठवणींवर गेम चालत नाही

मुरगुडात चाळिशीला टेकलेले गडी एकत्र बसले की बाल्डर्स गेट हा कॉम्प्युटर गेम निघतोच. कुणाच्या जादूगाराला पहिल्याच लांडग्यानं फाडलं, कोण कुठल्या खाणीत मेला. या गप्पा मलाही आवडतात. पण एक गोष्ट कुणी बोलत नाही. आम्ही तो गेम अर्धाच खेळलो. उरलेला अर्धा इंग्रजीत होता.

डिसेंबर १९९८ मध्ये कॅनडाच्या बायोवेअरनं काढलेला हा गेम पाच सीडींचा होता. त्यात जेवढं लढायचं तेवढंच वाचायचं. समोरचा बोलला की खाली तीन-चार उत्तरं येणार, त्यातलं एक निवडायचं, आणि भलतंच निवडलं तर तो तलवार उपसणार. क्लासच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या मांडीवर डिक्शनरी, आणि मागनं तिसरा ओरडतोय, "आरं, काय म्हणतोय त्यो? लढाय आलाय का पैसं मागाय?" अर्थ लागेपर्यंत लाईट जायची. आमच्या तालमीत वस्ताद डाव मराठीत सांगतो, म्हणून तो अंगात उतरतो. इथं डावच कळत नव्हता.

आता पोलंड बघा. १९९४ मध्ये दोघा मित्रांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. चोरीच्या सीडींचा तिथंही सुळसुळाट होता. त्यांनी बाल्डर्स गेट पोलिश भाषेत आणला, नामांकित नटांचे आवाज घेतले, खोक्यात नकाशा आणि नियमांचं पुस्तक घातलं. १९९९ मध्ये पहिल्याच दिवशी १८ हजार प्रती गेल्या. मग त्यांनी सापकोव्स्की या आपल्याच लेखकाच्या कथांवर २००७ मध्ये 'द विचर' हा गेम केला. जुने गेम घ्यायला आपण ज्या गॉग या वेबसाईटवर जातो, ते दुकानही त्यांनीच २००८ मध्ये थाटलं. म्हणजे आपला गहिवरही पोलंडच्याच गल्ल्यात जमा होतो.

"मराठीत कोण घेणार?" हे कारण मला ऐकायचं नाही. पोलंडची वस्ती चार कोटींच्या आत. आपण २०११ च्या जनगणनेतच आठ कोटींवर होतो. २०२३ मध्ये आलेला बाल्डर्स गेटचा तिसरा भाग पोलिश, तुर्की, युक्रेनीत वाचता येतो. मराठीत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला, मनापासून कौतुक वाटलं. पण आला तेव्हा तोही इंग्रजीच बोलत होता. गेमला लागणाऱ्या अद्भुत गोष्टींची आपल्याकडं वानवा नाही. रिसबुडांची 'मंजुघोषा' कादंबरी १८६८ ची आहे, नाथमाधवांचा 'वीरधवल' तर आमच्या आज्यांनी वाचलाय.

जुन्या बाल्डर्स गेटचे सगळे संवाद एकाच फाईलमध्ये असतात. ती बदलली की गेमची भाषा बदलते. जगभरच्या खेळणाऱ्यांनी हौसेनं असे अनुवाद केलेत. देवनागरीची जोडाक्षरं त्या जुन्या गेमात बसवताना घाम फुटेल, ते मान्य. पण इंजिनिअरिंग केलेली पोरं आमच्या कागल तालुक्यात घरोघरी आहेत, आणि लिहिणाऱ्यांचीही कमी नाही. सुरुवातीच्या त्या 'फ्रेंडली आर्म' सरायीतली माणसं तरी आधी मराठी बोलू देत. एवढ्याला सरकारी अनुदान लागत नाही.