त्सुनामीस कळविण्यात येते की...

सरकारी इशाऱ्याचं स्वतःचं एक व्याकरण असतं. त्यात सांगणारा कुठे दिसत नाही आणि क्रियापद 'घ्यावी', 'बाळगावी', 'करावे' असं, कुणाच्याच अंगावर न येणारं. 'किनारपट्टीवरील नागरिकांनी सतर्कता बाळगावी, घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये व प्रशासनास सहकार्य करावे.' हे वाक्य उष्णतेच्या लाटेला चालतं, वादळाला चालतं, निवडणुकीलाही चालतं. त्सुनामीला चालत नाही. चार किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटरने धावते, आणि सतर्कता बाळगायची म्हणजे पायांनी नेमकं काय करायचं, हे ऐकणाऱ्याला उमगेपर्यंत ती घरात शिरलेली असते. समुद्रतळाचा मोठा भूकंप ओळखणं आता काही मिनिटांचं काम झालं आहे. घोडं पेंड खातं ते त्यानंतरच्या वाक्यापाशी, कारण ते वाक्य पळणाऱ्यासाठी लिहिलेलंच नसतं. नंतर बसणाऱ्या चौकशी समितीपुढे ते निर्दोष ठरावं, एवढीच लिहिणाऱ्याची काळजी असते.

२६ डिसेंबर २००४ घ्या. आपल्या घड्याळात सकाळचे साडेसहा वाजत होते, तेव्हा सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पंधरा मिनिटांत हवाईतल्या पॅसिफिक त्सुनामी केंद्राने पत्रक काढलं. तीव्रता ८ असल्याचं त्यात होतं, आणि भूकंप पॅसिफिकच्या बाहेरचा असल्याने विध्वंसक त्सुनामीचा धोका नाही, असंही होतं. अक्षर न् अक्षर नियमाला धरून! 'ही आमची हद्द नाही' हे आपल्या एखाद्या पोलीस चौकीलाही इतक्या चोख शब्दांत सांगता आलं नसतं. अर्थात, हिंदी महासागरात कळवायचं तरी कुणाला, याचीच तेव्हा व्यवस्था नव्हती. चेन्नईला लाट पोहोचायला दोन तासांहून अधिक लागले. तेवढ्या वेळात आपल्या हवामान खात्याने भूकंपाची खबर देणारा फॅक्स पाठवला खरा, पण तो गेला माजी विज्ञानमंत्र्यांकडे, असं नंतर वृत्तपत्रांत आलं. सरकार बदलून सात महिने झाले होते, यादी बदलली नव्हती. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली.

मग ३० डिसेंबर उजाडला आणि सरकारला कर्तव्याची आठवण झाली. एका अमेरिकी खासगी कंपनीच्या भाकितावर विसंबून गृह मंत्रालयाने आणखी एका त्सुनामीचा इशारा दिला. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, ही शाळकरी पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट मंत्रालयाच्या दारापर्यंत पोहोचली नव्हती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदतकार्य टाकून लोक धावत सुटले. विज्ञानमंत्री कपिल सिब्बल यांनी त्याच दिवशी तो दावा मोडीत काढला. वरातीमागून घोडं सगळ्यांनी पाहिलं आहे; इथे वरात नसतानाही घोडं आलं.

याच दिवसाचा दाखला देऊन अधिकारी म्हणतात : बघा, इशारा दिला की घबराट होते, म्हणून शब्द सौम्य हवेत. पण त्या दिवशीचा इशारा बिनबुडाचा होता. त्यातले शब्द मवाळ केले असते, तर त्याला बूड आलं असतं का? आणि जिथे धोका खरा असतो, तिथे घाबरून टेकडीवर चढलेला माणूस सतर्कता बाळगून किनाऱ्यावर उभा राहिलेल्यापेक्षा शहाणाच म्हणायचा.

शब्द नकोत, अचूक आकडे द्या, असं म्हणणाऱ्यांनी जपान पाहावा. ११ मार्च २०११ला तिथल्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला. वेगाला तोड नाही. पण पहिल्या अंदाजात तीव्रता ७.९ धरली गेली. प्रत्यक्षात ती ९.० होती, म्हणजे ऊर्जा चाळीस पटींहून जास्त. त्या हिशेबाने इवाते प्रांतासाठी लाटेची उंची निघाली तीन मीटर. तिथल्या तारो गावाची भिंत होती दहा मीटरची. तीन मीटर ऐकल्यावर भिंतीमागचा माणूस कशाला उठेल? अर्ध्या तासाच्या आत आकडा सहावर गेला, पुढे दहाच्याही वर, पण तोवर ठिकठिकाणी वीज गेली होती आणि सुधारित आकडा अंधारात बोलत होता. जपान्यांनी यातून काढलेला धडा आपल्या कचेऱ्यांच्या प्रकृतीला मानवणारा नाही. २०१३पासून अतिप्रचंड भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत. 'प्रचंड' म्हणून मोकळे होतात. उंची नक्की कळली नसेल, तर नक्की असल्याचा आव आणायचा नाही, पण हुकूम सोडताना कचरायचंही नाही. २०११मध्येच ओआराई नावाच्या गावाने भोंग्यावरून विनंती-आवाहनाची भाषा सोडून सरळ आज्ञार्थ वापरला होता : ताबडतोब उंचावर जा! १ जानेवारी २०२४ला नोतोच्या भूकंपानंतर एनएचके वाहिनीची निवेदिका जवळजवळ ओरडतच होती, आणि पडद्यावर पोरांनाही वाचता येतील अशा साध्या अक्षरांत दोनच शब्द होते : त्सुनामी, पळा.

कुणी म्हणेल, भूकंप दाराशीच झाला तर कुठला इशारा नि कुठली भाषा? रास्त आहे. २०१८मध्ये इंडोनेशियात पालूला लाट काही मिनिटांतच आली. तिथे हादरणारी जमीन हाच इशारा, आणि तो ओळखायला शाळेतच शिकवायला हवं. आपल्या पश्चिम किनाऱ्याला मात्र ही सबब नाही. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि लाटा मुंबईला काही तासांनी, सकाळी, पोहोचल्या. सुमारे दोन मीटर पाणी चढलं, पंधरा माणसं गेल्याची नोंद आहे. आता हैदराबादेत २००७पासून स्वतःचं त्सुनामी केंद्र आहे, समुद्रतळाशी दाबमापकं आहेत, म्हणजे खबर वेळेत निघेल. ती वर्सोव्याच्या कोळीवाड्यात कुठल्या क्रियापदाने पोहोचेल, एवढंच बघायचं.

राहिला शेवटचा आक्षेप : लाट आलीच नाही तर? जुलै २०२५मध्ये रशियातल्या कामचाटकाला ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जपानने सुमारे वीस लाख लोकांना किनारा सोडायला सांगितलं, आणि तिथे नोंदली गेलेली सर्वांत उंच लाट दीड मीटरचीही नव्हती. हे आपल्याकडे घडलं असतं, तर पळा म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची संध्याकाळपर्यंत बदली झाली असती. सतर्कता बाळगावी म्हणणाऱ्याची आजवर कधी झाल्याचं ऐकिवात नाही.