तिथीची पाऊणपट

वैशाख लागून कचेऱ्यांत रजेचे अर्ज साचू लागले म्हणजे इतर लोकांप्रमाणे महाबळेश्वर-माथेरानची वाट न धरता जे वळकट्या, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा घेऊन भाऊच्या धक्क्यावर हजर होतात, आणि किनाऱ्यालगतची दोन-तीन बंदरे पाहून आल्यावर वर्षभर स्वतःस दर्यावर्दी समजतात, असे एखादे जोडपे प्रत्येकाच्या ओळखीत असतेच. आमच्या वाट्यास अण्णा आणि वहिनी आले आहेत.

अण्णा महसूल खात्यात अव्वल कारकून. शिडाची दोरी त्यांनी हातात धरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही, आणि पोहता येते का, या प्रश्नास ते उत्तर देत नाहीत. परंतु कोकणातल्या कोणत्याही तांडेलास पाठ असणारे एक गणित त्यांस कोठून तरी प्राप्त झाले आहे, आणि त्या एका गणिताच्या सनदेवर ते सबंध अरबी समुद्राचा कारभार पाहतात. तिथीला तीनाने गुणावे, चाराने भागावे. जो अंक येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीस सहा वाजता, एकादशीस सव्वाआठ वाजता. पुढे सहा तासांनी सुकती. गणित खरे आहे, आणि तीच तर आमची अडचण! खोटे असते तर एव्हाना केव्हाच मोडून काढले असते.

कारण अण्णा ते समुद्रापुरते ठेवीत नाहीत. चाळीच्या नळास एकदा पहाटे पावणेचारला पाणी आले आणि त्या दिवशी दुर्दैवाने पंचमी होती. तेव्हापासून नगरपालिकेचा नळ चंद्राच्या हुकमतीखाली आहे, असे त्यांचे ठाम मत झाले असून षष्ठीस ते साडेचारला बादली घेऊन उभे असतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी मंद असते तेव्हा, कोणाकडे उसने मागू नये. वरिष्ठांकडे बढतीचा अर्ज उधाणास द्यावा. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त भटजींनी दशमीस अकरा वाजून काही मिनिटांचा काढला, तर हे गृहस्थ भर बैठकीत बोटे मोडीत म्हणाले, "दशमीची पाऊणपट साडेसात. अकरा म्हणजे चक्क ओहोटी. विचार करा!" मुलाकडच्या मंडळींनी खरोखरच विचार करावयास आरंभ केला, तेव्हा वहिनींनी सरबताचा पेला पुढे करून त्यांचे तोंड बंद केले.

एका उन्हाळ्यात मी त्यांच्यासमवेत गेलो. बोटीवर चढताच अण्णांनी डेकवरील डाव्या कठड्यालगतची जागा सतरंजी टाकून काबीज केली. दक्षिणेस जाणाऱ्या बोटीत डावी बाजू म्हणजे सकाळभर डोळ्यांवर ऊन, आणि दुपारी वायव्येचा वारा सुटला की तो सगळा पलीकडच्यांस. मी हे निदर्शनास आणले, तर "पाऊणपट पाहूनच जागा धरली आहे," असे गूढ उत्तर मिळाले. रत्नागिरीस पडावातून उतरताना लाटेने माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजवले. अण्णा मात्र घड्याळ काढून पाणी वेळेवर असल्याची खात्री करून घेत होते. राज्य गमावलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाने जेथे 1916 साली देह ठेवला ते शहर. पण राजवाडा पाहण्याऐवजी आम्ही धक्क्याच्या पायरीवर बसून पाणी कोणत्या दगडापर्यंत चढते ते पाहिले. "ह्या थिबाला भरतीची वेळ कोणी सांगितली असती," अण्णा कळवळून म्हणाले, "तर कधीच निसटला असता."

पणजीस मात्र गणित डळमळले. तेथे भरती मुंबईच्या आधी येते आणि पाणीही मुंबईच्या निम्म्याने चढत नाही. अण्णांनी मांडवीकडे बराच वेळ रोखून पाहिले व हा परक्या अंमलाचा ढिलेपणा आहे, असा निकाल दिला. "मुंबईस उशिरा, इथं लवकर, मधल्या बंदरांतच ते बरोबर लागतं," वहिनी हळूच म्हणाल्या. सबंध प्रवासात त्यांचे समुद्राविषयीचे हे एकच वाक्य, आणि तेवढेच बिनचूक.

वहिनींस हे ठाऊक कसे, याचा उलगडा मला वास्तविक जातानाच व्हावयास हवा होता. दुपारी दोनच्या सुमारास बोट मधल्या एका लहानशा बंदरात थांबली होती. खाडीच्या तोंडाशी रेतीचा बांध आहे. पाणी कमी असले तर बोट बाहेरच नांगर टाकते, भरती असली तर जरा आत येते. त्या दिवशी ती आत आली. अण्णांनी बडबड थांबवली, सतरंजीवरून उठले आणि वहिनींस कठड्याशी जागा करून दिली. डाव्या हातास माडांच्या आड एक कौलारू घर दिसत होते. ते वहिनींचे माहेर. भावाभावांच्या वाटणीचा कज्जा दिवाणी कोर्टात पडलेला, त्यात बहिणीस साक्षीला ओढलेले. तेव्हापासून त्या उंबरठ्यावर त्यांचे पाऊल पडलेले नाही.

हे जोडपे दर वर्षी अक्षय्य तृतीयेसच का निघते, याचे कारण मी आजवर धार्मिक समजत होतो. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन. एवढा एक हिशेब उघडा पडू नये म्हणून या गृहस्थाने उरलेल्या बारा महिन्यांचे हिशेब आमच्या कानांवर घातले असावेत, असा संशय येऊन मला त्यांच्याविषयी थोडे बरे वाटू लागले. मात्र तसे विचारताच ते उखडले. "छे हो! शास्त्र म्हणजे शास्त्र. त्यात सासुरवाडी कुठून आणता?"

पडाव माणसे घेऊन काठाकडे गेले, रिकामे होऊन परतले, भोंगा झाला. वहिनी पदराने डोळ्यांवर सावली धरून अजून पाहतच होत्या.

"यंदा नवी कौलं घातलेली दिसतात," त्या म्हणाल्या. "कोर्टात तर लिहून दिलं होतं, दाव्याचा खर्च करायला घरात दमडी नाही म्हणून."